वीस मिनिटांचा मऊपणा

विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये एक फ्रीझर होता आणि त्यात पाण्याची बाटली ठेवायची कोणाची छाती नव्हती. तो मिस्त्रींचा. आत फक्त रिव्हेट, म्हणजे पत्र्याला पत्रा जोडणारे अ‍ॅल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे. खिळे गारठवत ठेवलेले पाहून नव्या माणसाला हसू यायचं. मग मिस्त्री त्याला समोर उभं करत.

"भट्टीत तापवलं की यातलं तांबं अ‍ॅल्युमिनियमभर विरघळतं. लगेच पाण्यात बुडवलं की तसंच राहतं, खिळा मऊ असतो. थंडीत ठेवा, मऊच राहील. बाहेर काढलात की तांब्याचे कण कोंडाळी करायला लागतात. जिन्यात चार जण गप्पा मारत उभे राहिले की वाट अडते ना, तसे आतले थर सरकेनासे होतात. मग ठोकलात तर डोकं तडकणार. आधी खिळ्याचं, मग माझ्या हातून तुमचं."

म्हणून नियम होता वीस मिनिटांचा. त्यापुढे रिव्हेट लाल डब्यात, तिथून परत भट्टीत. फिटरबाईंनी एकदा एकविसाव्या मिनिटाला रिव्हेट ठोकायची गन उचलली होती, तेव्हा मिस्त्रींनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. बाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

एकतीस वर्षांनी आज मिस्त्री निवृत्त होत होते आणि सकाळपासून त्यांचा जीव त्या फ्रीझरपाशी घुटमळत होता. उद्यापासून घड्याळ कोण बघणार? "एवढं काय होतंय" म्हणणारे पायलीचे पन्नास असतात.

त्यात साहेबांनी टूम काढली, की मिस्त्रींनी शेवटचा रिव्हेट सर्वांसमोर ठोकावा.

"आधी मी दोन शब्द बोलतो," साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी विश्वास ठेवला, आणि बरोबर चार वाजता तीन रिव्हेट वाटीत काढून घेतले. माणूस हुशार होता, पण साहेबांचे दोन शब्द त्याने कधी मोजले नव्हते.

साहेबांना नमनालाच घडाभर तेल लागलं. चार वाजून नऊ मिनिटांनी ते मिस्त्रींच्या चिकाटीपर्यंत पोचले. पहिल्या रांगेत मिस्त्रींच्या बायकोने पर्स उघडून आवरायला घेतली. वाटीतले रिव्हेट गपचूप घट्ट होत होते. साहेबांना मध्येच तोडावं, तर मिस्त्रींनी आयुष्यात ते केलं नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती अशी. अठराव्या मिनिटाला ते जोरात खाकरले. साहेबांना वाटलं, गहिवरले. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या बालपणाकडे वळले.

चार चोवीसला टाळ्या वाजल्या. फिटरबाई ठोकळा घेऊन पत्र्यामागे गेल्या, कारण समोरून गन चालवताना मागून कोणीतरी रेटा द्यावा लागतो. मिस्त्रींनी एक रिव्हेट भोकात घातला. चारच मिनिटं तर वर झालीत, त्यांच्या मनात आलं, एवढं काय होतंय. आणि मनात आल्याआल्या त्यांचे कान तापले. तरी हात गनकडे गेला. सगळे बघत होते हो.

"धर," ते म्हणाले.

मागून ठोकळा टेकला नाही. फिटरबाई बाहेर आल्या. त्यांनी भोकातला रिव्हेट काढला, वाटी उचलली आणि सगळं लाल डब्यात ओतलं.

"चोवीस मिनिटं झालीत."

"अहो बाई," साहेब म्हणाले, "आजच्या दिवस तरी..."

"नियम मिस्त्रींचा आहे साहेब. त्यांनाच विचारा."

सगळे मिस्त्रींकडे वळले. मिस्त्रींना लाज वाटली, चांगली घाम फुटेपर्यंत वाटली. पण सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं त्याच क्षणी उतरलं होतं, त्याचं काय करावं ते त्यांना कळेना.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "जा, ताजे आण. आणि गन तूच घे. मी मागे धरतो."

ताजे रिव्हेट आले. "या निमित्ताने मी..." असं साहेब सुरू करतात न करतात तोच बाईंनी गनचा घोडा दाबला, आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. मग मध्येच गन थांबली.

"मिस्त्री, ठोकळा तिरका धरलाय. सरळ धरा."

एकतीस वर्षांत मिस्त्रींना असं कोणी टोकलं नव्हतं.

"हो बाई," ते पत्र्यामागून म्हणाले आणि त्यांनी ठोकळा सरळ केला. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.