बॉनेटवर न ठेवलेली गोळी

मी गोळी बोलतेय. रायफलची. हलकी, वेगवान, निळ्या टोकाची. आता त्या निळ्याची एक कपची तेवढी उरलीय, बाकी माझा पार चेंदामेंदा झालाय. गार्थच्या गॅरेजात, स्क्रूंच्या डब्यात पडून असते. किळस येते मला. स्वतःची थोडी आणि गार्थची फार.

माझा जन्म लांबच्या नेमासाठी. समोरच्या डोंगरावरची बकरी, लहानसं हरीण, असं नाजूक जनावर. तिथं पोचेपर्यंत मी दमलेली असते, म्हणून माझी तांब्याची साल मुद्दाम पातळ ठेवलेली. नाहीतर मी उमलणारच नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पण मोठ्या ताकदीच्या मॅग्नम रायफलमधून मला जवळच्या रानरेड्यावर सोडलंत, तर त्या वेगात मी खांद्याच्या हाडावरच फुटते. आत जातच नाही. जनावर मरत नाही, नुसतं पिसाळतं.

हे गार्थला ठाऊक नव्हतं असं समजू नका. ठाऊक नसतं तर मी गप्प बसले असते. काडतुसं तो स्वतः भरतो, एकेक चिमूट दारू तोलून. नेमबाजीच्या क्लबात नवख्यांना तोच सांगायचा, "वेगाला भुलू नका रे! रेड्याला जाड सालीची, जड गोळी. फुटायला नको, खोल जायला हवी."

त्याची थोरली बहीण नोरीन उत्तरेकडे, डार्विन शहराच्या पलीकडच्या पाणथळीत शिकारीचा तळ चालवायची. तिच्याकडे एक रीत होती. सकाळी निघताना प्रत्येकानं आपली एक गोळी गाडीच्या बॉनेटवर ठेवायची. नोरीन ती अंगठ्यानं चोळून बघायची. पसंत पडली नाही, तर तो माणूस दिवसभर तळावर चहा पीत बसायचा. कारण जखमी रेडा गवतात शिरला, की त्याच्यामागे पहिली नोरीनच जायची.

गार्थ पहिल्यांदाच रेड्यावर आला होता. आदल्या संध्याकाळी कागदावर नेम तपासायचे होते. त्याच्या जड गोळ्या कागदभर विखुरल्या. त्या रायफलला त्या मानवतच नव्हत्या.

नोरीन पोट धरून हसली. "अरे गार्थ, नेम धरतोयस की बी पेरतोयस?"

स्वयंपाकी हसला, बाकीचे पाहुणे हसले. गार्थ कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं आम्हा निळ्यांना भरलं आणि आम्ही सगळ्या एकाच भोकातून गेलो. "हे बघा!" म्हणून ओरडला. नोरीननं मान हलवली. "कागद सुरेख मारलास. उद्या रेडा आहे, राजा. जडच घे. जवळून मारायचंय, तेवढा नेम पुरतो."

पण झालेलं हसू त्याच्या घशाखाली उतरेना. तंबूत जाऊन त्यानं रायफलमध्ये आम्हालाच भरलं आणि एक जड गोळी खिशात ठेवली, बॉनेटपुरती.

सकाळी नोरीननं तिच्यावरून अंगठा फिरवला. "शहाणा माझा भाऊ. चल!"

मी रायफलमध्ये ऐकत होते. शी! इतकं घाणेरडं मला कधी वाटलं नव्हतं.

रेडा चिखलात लोळत होता, अगदी जवळ. गार्थनं चाप ओढला आणि मी रेड्याच्या खांद्यावर फुटले, वीतभरसुद्धा आत न जाता. रेडा हुंकारला आणि माणूसभर उंच गवतात घुसला.

"लागली?" नोरीननं विचारलं.

"मस्त लागली, ताई."

"मग पडला का नाही?"

तेव्हा तरी बोलायचं होतं रे बाबा! पण हा म्हणाला, "जड गोळी आहे. आत पडलाच असेल."

जड गोळी म्हटल्यावर नोरीन थांबली नाही, गवतात शिरली. मी त्या मांसात रुतून तिच्या बुटांचा आवाज ऐकत होते आणि मला ओरडता येत नव्हतं. रेडा वळला. तिनं आपल्या रायफलनं त्याला पाडला खरा, पण पडताना तो तिच्या अंगावर आला. तिचं कंबरेचं हाड मोडलं.

हेलिकॉप्टर येईपर्यंत ती पांढरीफटक पडून होती. "माझ्या अंगठ्याखाली होती ना ती गोळी? मग असं कसं झालं?"

"हाडाला लागून वळली असेल. नशीब, ताई."

हेलिकॉप्टर तिला घेऊन गेल्यावर "रेडा मी कापतो" म्हणत तोच पुढे झाला. सुरीनं मला उकरलं आणि खिशात घातलं.

नोरीननं तळ बंद केला. फोनवर म्हणायची, "माझा अंगठाच चुकला रे. आता कुणाला कशाच्या भरवशावर नेऊ?" आणि हा म्हणायचा, "वय होतं, ताई." थू! वर क्लबात उलटंच सांगायला लागला, की जड गोळीनं दगा दिला. परवा एक नवखं जोडपं त्याच्या सल्ल्यानं निळ्या गोळ्या घेऊन गेलं, पुढच्या आठवड्यातल्या पहिल्या रेड्यासाठी.

आज नोरीन त्याच्याकडे आलीय, इथल्या डॉक्टरला कंबर दाखवायला. सकाळी चहावर त्यानं तिला त्या जोडप्याचंही सांगितलं, गोळ्यांचा रंग तेवढा गाळून. काठीचं रबर सुटलं म्हणून स्क्रू शोधत ती गॅरेजात आली आणि तिच्या बोटांना मी लागले. उजेडात धरून तिनं मला अंगठ्यानं चोळलं.

"गार्थ, इकडे ये. ह्याला रेड्याचा केस चिकटलाय. आणि हे निळं काय?"

"जुनी असेल गं कुठली तरी."

"आयुष्यात एकच रेडा मारायला आलास तू."

गार्थ पुटपुटला, "सगळे हसत होते, ताई."

"मी हसले होते," नोरीन म्हणाली. "आणि गवतात पण मीच गेले."

काठी टेकत ती बाहेर गेली आणि तिनं मला त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. उन्हात ते केवढं तापलं होतं! तिनं स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. डोळे पुसले.

"म्हणजे हा अंगठा चुकला नव्हता."

बाबांनो, मला बकरीवर सोडा, कागदावर सोडा. पण हसतील म्हणून मला निवडू नका. एवढंच मागते.

नोरीननं मला पुन्हा मुठीत घेतलं. "आज क्लबचा दिवस ना? त्या जोडप्यालाही बोलावून घे. ही मी धरते. बोलायचं तू."

गार्थनं किल्ली काढली. गाडीचं दार काही त्याला लवकर उघडेना.