शेवटची ओळ

छपाईच्या मशीनखालची ताटली ओढली. वाया गेलेल्या शाईचा काळा, घट्ट राडा, त्यात केस आणि एक मेलेली पाल. भाऊजींनी तीन महिने ती रिकामी केली नव्हती. शाई सोडणाऱ्या हेडखालचं रबर ते खिशातल्या रुमालानं पुसायचे, आणि रुमाल ओला करायचे थुंकीनं. आज माझ्यासमोरच पुसलं. दुपारी बारापर्यंत माझं रोजचं मौन असतं, म्हणून गप्प राहिले. एरवी काय बोलले असते कोण जाणे.

काम होतं डोळे तपासायच्या तक्त्यांचं. चष्मेवाल्यानं शाळांमधून मुलं तपासायला चाळीस सांगितले होते. वरची अक्षरं ठीक होती. शेवटच्या दोन ओळींवर मात्र बुरशी आल्यासारखं दिसत होतं. प्रत्येक उभ्या रेघेला शेजारी पुसट सावली.

हेड जाताना आणि येताना दोन्हीकडून शाई टाकतं, आणि थेंब एकाच जागी पडावे लागतात. ते जुळवायला मशीन रेघांच्या नऊ जोड्यांची पट्टी छापतं. जी जोडी सरळ दिसेल तिचा आकडा दाबायचा. भाऊजींनी चारदा पट्टी काढली, हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिली आणि चारही वेळा आठ दाबला. जवळचा आणि लांबचा, दोन्हीचा चष्मा त्यांना पाच वर्षांपूर्वीच लागलाय. तो ड्रॉवरमध्ये डबीत पडून आहे. घातला की म्हातारा दिसतो म्हणे.

मी पट्टी खिडकीशी नेली. आठव्या जोडीत दोरा जाईल एवढी फट होती. सरळ होती ती तिसरी. तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल करून पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"वहिनी, मौन पाळणं वेगळं आणि मशीन चालवणं वेगळं," ते हसून म्हणाले आणि पट्टी चुरगाळली.

तेवढ्यात चष्मेवाला आला. भाऊजी मशीन बिघडल्याचं रडगाणं गाऊ लागले, उद्या नवे छापून देतो म्हणाले. त्यानं शेवटच्या ओळीवर अंगठा फिरवला आणि दात कोरत हसला.

"छान आहेत की. जितकी पोरं अडखळतील तितके चष्मे खपतील. असेच द्या."

भाऊजी सुटल्यासारखे हसले आणि त्याच रुमालानं मान पुसू लागले. चांगल्या डोळ्यांच्या पोरांच्या नाकावर नको ती काच चढणार होती, आणि ती आमच्या मशीनमधून. पावणेबारा झाले होते.

"हे तक्ते इथून जाणार नाहीत," मी म्हणाले.

आवाज नेहमीसारखा हळूच होता, पण भाऊजी दचकले. सकाळी तो त्यांनी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. मी पातं घेतलं आणि एकेक करत चाळीसही तक्ते आडवे कापले. चष्मेवाला काहीबाही बोलला, दुसरीकडून छापून घेईन म्हणून निघून गेला. दुसरीकडे निदान नीट छापतील.

मग रबर पाण्यानं धुतलं, मशीनवर तीन दाबला आणि एक तक्ता काढला. शेवटची ओळ सुईच्या टोकासारखी आली. तो भिंतीला लावून भाऊजींना दहा पावलांवर उभं केलं. तिसऱ्या ओळीलाच ते अडखळले.

"हाही अंधुकच आलाय," ते म्हणाले.

मी ड्रॉवरमधली डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी टेबलावर टाकलेला रुमाल चिमट्यानं उचलला आणि ताटलीतल्या राड्याबरोबर बाहेर टाकून आले.