कागदात न मावलेली रेघ

“अगं, तुझी रेघ बघ की! कशी ताठ उभी आहे!” सुतळी गप्पीला म्हणाली.

भिंतीवर दोघींचे आलेख शेजारी शेजारी टाचले होते. खाली तास, बाजूला खोकी. जिची रेघ जास्त उभी तिचा हात जास्त जलद, आणि दोघींपैकी तिलाच कामावर ठेवणार, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं. गप्पीचा जीव भांड्यात पडला. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली.

एकोणीस वर्षं दोघी एकाच बाकावर औषधाच्या बाटल्यांसाठी खोकी दुमडत होत्या. गप्पीचं तोंड चालायचं, सुतळीचे हात. दिवसाला तीनशे खोकी व्हायला हवीत, पण गप्पीची गाडी दोनशे ऐंशीवर अडायची. मग सुटीच्या घंटेआधी सुतळी आपल्या ढिगातली वीस हळूच हिच्याकडे सरकवायची. तरी तिच्याकडे चारशे उरायचीच. काल मोजणीच्या दिवशी मात्र साहेब समोर उभे, त्यामुळे सरकवासरकवी बंद. दर तासाला आपापला ठिपका आपणच द्यायचा होता.

मग आपली रेघ उभी कशी? जेवणाच्या सुटीत गप्पी चष्मा लावून भिंतीपाशी गेली आणि बोटानं चौकोन मोजू लागली. तासाला आपले चार, सुतळीचे तीन. मग तिनं बाजूचे आकडे वाचले. तिचा स्वतःचा एक चौकोन दहा खोक्यांचा होता, सुतळीचा वीसचा. म्हणजे आपली तासाला चाळीस, तिची साठ! आकडे घालताना सुतळी हसत म्हणाली होती, “दहा-दहानं मांडलं तर माझी रेघ कागदात मावायची नाही बाई!”

गप्प बसावंसं तिला फार वाटलं. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता. तरी ती साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“साहेब, तिचा चौकोन वीसचा आहे हो. नुसत्या रेघा बघू नका, आकडे बघा.”

साहेबांनी डोकं खाजवलं. “अरेच्चा! खरंच की. पण बाई, नावं सकाळीच वर गेली. सहीसुद्धा झाली. आता माझ्या हातात काय आहे?”

“मग माझं नाव काढा.”

“तसं केलं तर वरचे म्हणतील, दोघीही नकोत. जा, कामाला लागा.”

गप्पी बाकावर परत आल्यावर सुतळीनं विचारलं, “काय गं, आज तोंडाला कुलूप?”

गप्पीला सगळं सांगायचं होतं. सांगून तरी काय होणार होतं? ती खाली मान घालून घड्या घालत राहिली. शेजारी सुतळीचे हात रोजच्यासारखेच सपासप चालले होते.

घंटेला पाच मिनिटं उरली तेव्हा सुतळीनं वीस खोकी मोजली आणि तिच्याकडे सरकवली.

“घे, झाली तुझी तीनशे.”

गप्पीनं ती घेतली.