नांदतं घर

"आज डोमाजीभाऊले खोकू देऊ नका, द्वारकाबाई," लूना स्टँडवर लावता लावताच पांडुरंगराव म्हणाला. "मंचेरियालची पार्टी चार वाजता येऊन राह्यली."

द्वारकाबाई दुसऱ्याच्या दारात रांगोळी काढत होती. तिने मान वर केली नाही. "खोकला काय माह्या हातातला हाय का, भाऊ?"

"तोंडावर फडकं धरा म्हणा. नाईतर मांगच्या पडवीत झोपवा. अन् ते यायच्या वक्ताले कांदा फोडणीले घाला. घर नांदतं दिसलं पायजे."

घर नांदतं दिसलं पाहिजे, हा पांडुरंगराव दलालाचा शोध होता आणि त्या शोधावर द्वारकाबाईचं पोट चाललं होतं.

पैनगंगेच्या काठाला, हैदराबाद-नागपूर रस्त्यावरच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, आदिलाबादच्या कापूसवाल्यांनी ओळीने बंगले बांधले होते. कापसाला भाव होता ती वर्षं. एकाने नदीकडे तोंड करून गच्ची बांधली की दुसऱ्याला दोन गच्च्या हव्या असत. दारात मोझेक, न्हाणीघरात गुलाबी फरश्या, फाटकावर सिमेंटचे सिंह. मग कापसाचा भाव बसला, जिनिंगचे कारखाने बंद पडू लागले आणि सगळ्यांनाच एकदम बंगले नकोसे झाले. पण विकायला काढला असं तोंडाने कोणी म्हणेल तर शपथ! "पोरगं हैदराबादले हाय ना, मंग एवढ्या मोठ्या घराचं काय करता?" असं एकमेकांना सांगायचं आणि मागच्या दाराने पांडुरंगरावाला बोलवायचं.

रिकामं घर गिऱ्हाइकाला आवडत नाही. कोळ्याची जाळी दिसली की तो भाव पाडतो, आणि कुलूप गंजलेलं दिसलं की आणखी पाडतो. म्हणून पांडुरंगरावाने बेल्याकडच्या खेड्यातली द्वारकाबाई आणली. ती रिकाम्या बंगल्यात राहायची. अंगणात रांगोळी, दोरीवर धुतलेली लुगडी, गच्चीवर ज्वारीच्या पापड्या, तुळशीपाशी दिवा. तिन्हीसांजेला ती खोल्याखोल्यांतून दिवे लावत फिरायची, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं की आत लेकराबाळांचं घर आहे. बंगला विकला गेला की बोचकं उचलायचं आणि शेजारच्या बंगल्यात जायचं. पगार काही नव्हता. डोक्यावर छप्पर आणि महिन्याची ज्वारी, एवढाच करार.

या घरांच्या विक्रीत तिने जे पाहिलं त्याने तिला माणसांची शिसारी आली होती. एकाची बोअर आटलेली. गिऱ्हाईक यायच्या आधी तो बैलगाडीने पिंपं आणून टाकी भरून ठेवायचा आणि मग नळ धो धो सोडून दाखवायचा. दुसऱ्याने ओल आलेल्या भिंतीवर देवांच्या तसबिरी टांगल्या होत्या, कारण देवाची तसबीर उचलून मागे कोण बघणार? घेणारेही त्यांचेच भाऊ. घर मनात भरलेलं असायचं, तरी दाराला नाव ठेव, खिडकीला नाव ठेव, न्हाणीत थुंकून पाणी कुठे जातं ते बघ. ती थुंकी मागाहून द्वारकाबाईने धुवायची.

सध्याचा बंगला अमृतरावांचा होता, आणि याच अमृतरावांच्या जिनिंगमध्ये तिचा नवरा डोमाजी उभा जन्म राबला होता. मशीनच्या तोंडाशी उभं राहून कापूस लोटायचा. तो कापूस छातीत असा काही बसला की आता चार पावलं चालला तरी त्याचा भाता व्हायचा. डॉक्टरने हात टेकले होते. पण या बंगल्यावर डोमाजी खूश होता. मागच्या पडवीतून थेट पैनगंगा दिसायची; इकडे तिला नुसतं गंगाच म्हणतात. खाटेवर उशाला टेकून तो दिवसभर पाण्याकडे बघत राहायचा आणि पलीकडे महाराष्ट्रात कोणाची बैलं पाण्यावर आली ते सांगायचा.

"असं घर आपल्याले सात जन्मात भेटलं नसतं, द्वारके," तो म्हणायचा.

"आपलं थोडीच हाय?"

"पाह्यचं तं फुकट हाय ना व."

चारच्या सुमारास पांढरी मोटार आली. मंचेरियालचे कंत्राटदार आणि त्यांची बायको. बाई जाडजूड, गळ्यात दोन पदरी सर, नाकाला रुमाल. घरात पाऊल टाकण्याआधीच त्यांनी हिंदीत विचारलं, "इस घर में कोई मरा तो नै?"

"छे छे, अम्मा! नया घर है," पांडुरंगराव म्हणाला. "लक्ष्मी का घर है."

कांद्याचा वास घरभर दरवळत होता. बाईंनी कपाटं उघडून पाहिली, नळ सोडून पाहिले, तुळशीला हात जोडले. चेहरा खुलला होता. तेवढ्यात मागच्या पडवीतून खोकला आला. दाबून धरलेला खोकला सुटतो तेव्हा जास्तच भयंकर सुटतो. बाई दारात गेल्या, खाटेवरच्या सापळ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

"ये कौन?"

"रखवालदार है, अम्मा. सर्दी हुई."

 जाताना मोटारीची काच खाली करून बाई एवढंच म्हणाल्या, "शुक्रवार को बयाना देते. पर इसके पहले घर में कुछ हुआ तो हम नै लेते. धनिष्ठा नक्षत्र में कोई मरा तो घर को छे महिने ताला डालना पडता."

मोटार गेली आणि तासाभरात अमृतराव आले, मागोमाग लूनावर पांडुरंगराव. पांडुरंगरावानेच जाऊन सांगितलं असणार. पांढरं धोतर, हातात छत्री. पडवीच्या दारात उभे राहून त्यांनी डोमाजीला लांबूनच विचारलं, "कसं काय, डोमाजी?"

डोमाजीने उठून बसायचा प्रयत्न केला. मालकांपुढे तो जन्मात कधी आडवा राहिला नव्हता.

"पडा, पडा." मग अमृतराव द्वारकाबाईकडे वळले. "बाई, मी माणुसकीनं सांगून राह्यलो. याले आज इथून हालवा. इकडची रीतच हाय. भाडेकरूचं असं काई व्हायची वेळ आली का मालक घरात ठेवू देत नाई. मी एकटाच काई वाईट नाई."

"कुठी नेऊ जी?"

"गावाकडं न्या."

"गावचं घर पुरात बसलं, मालक. तुमाले माहीत हाय. तवाच तं इकडं आलो."

"मंग दुसऱ्या बंगल्यात न्या. एवढे रिकामे पडले हायेत!"

हे मात्र खरं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बंगलेच बंगले, बहुतेकांना कुलूप. पांडुरंगरावाने लूनाला लाथ मारली आणि तो त्या बंगल्यांच्या मालकांना विचारायला शहरात गेला. माणूस अगदीच दगड नव्हता. पण परत आला तेव्हा त्याला द्वारकाबाईच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

"तेलाचे व्यापारी म्हणतात, आमचाबी विकायचा हाय. वकीलसाहेब म्हणतात, खोली देतो, पण बरा झाल्यावर आणा. बाकीचेबी तसेच." तो लूनाच्या सीटवरची धूळ उगाच पुसत राहिला. "जिवंत माणूस घ्याले सारे तयार हायेत, बाई."

  गुलाबी फरश्या, मोझेक, सिंह, सगळं द्वारकाबाईला नासक्या दुधासारखं वाटलं. इतकी वर्षं आपण या घरांत दिवे लावले आणि एकाही घराला आपला नवरा मरायला चालत नाही!

 पांडुरंगराव आणि ती, दोघांनी खाट उचलली. डोमाजी लेकरागत हलका झाला होता. पडवीतून ओसरी, ओसरीतून अंगण, अंगणातून फाटक. फाटकाबाहेर कडुनिंबाच्या झाडाखाली खाट टेकली. अमृतराव छत्रीच्या टोकाने दाखवत मागोमाग आले.

"अजून थोडं सरकवा. तो एक खूर हद्दीत येऊन राह्यला."

पांडुरंगरावाने खाट सरकवली. तरी अमृतराव वाकून, फाटकाच्या खांबापासून नजरेने रेघ ओढून बघत राहिले. खूर बाहेर गेल्याची खात्री झाल्यावर त्यांनी खांद्यावरची शाल काढून डोमाजीच्या पायावर टाकली. "थंडी हाय," म्हणाले आणि निघून गेले. द्वारकाबाईने ती शाल दोन बोटांत धरून उचलली आणि सिमेंटच्या सिंहाच्या मानेवर टांगून ठेवली.

डोमाजी डोळे मिटून पडला होता. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. समोर कंपाउंडची भिंत होती.

"इथून गंगा दिसत नाई व."

"उद्या दिसंल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तिच्याच्याने काही होईना. भिंत काय ती पाडणार होती? शेवटी ती नदीवर गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. तांब्या त्याच्या तोंडापाशी धरला. "पाहा, गंगा," म्हणाली. डोमाजीने तांब्यात बघितलं, हसल्यासारखं केलं, दोन घोट घेतले. दुपारच्या आत तो गेला.

मालकांचा माणूस सरपण घेऊन आला. नदीकाठीच सगळं उरकलं. ज्याला जिवंतपणी नदीपासून हटवलं त्याला मेल्यावर तिच्या काठावर न्यायला कोणाचीच हरकत नव्हती.

माणूस जिथे जातो तिथे पीठ पसरून दिवा ठेवतात; दहा दिवस त्याचा जीव त्या दिव्यापाशीच असतो म्हणतात. द्वारकाबाईने कडुनिंबाखाली, जिथे खाट होती तिथे, जमीन सारवली, ज्वारीचं पीठ पसरलं, मधोमध पणती ठेवली आणि वारा लागू नये म्हणून वरून टोपलं उपडं घातलं. ती तिथेच बसून राही, तेल घालत राही. बंगल्यात मात्र तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. किल्ली झाडाच्या फांदीला लटकवून ठेवली होती.

शुक्रवारी दिवेलागणीला पांडुरंगराव धावतपळत आला. "बाई, मोटार पुलावर दिसून राह्यली. अन् घरात अंधार! अव, दिवे तं लावा!"

"किल्ली ते पाहा तिथं हाय."

"तुमी लावा ना. तुमच्या हातानं घर नांदतं दिसते."

ती हलली नाही. तेवढ्यात मोटार आली. कंत्राटदार उतरले, बाई उतरल्या. झाडाखालचं टोपलं, पीठ, आतला मिणमिणता उजेड बघून बाई थबकल्या. द्वारकाबाईच्या मोकळ्या कपाळाकडे त्यांची नजर गेली.

"वो बुढा?"

 पांडुरंगरावाने हात जोडून द्वारकाबाईकडे पाहिलं. तिच्या एका शब्दावर सगळा सौदा लोंबकळत होता आणि ते तिलाही कळत होतं. खोटं बोलायची तिला गरजच नव्हती. अमृतरावांनी खाटेचा खूर बघून बघून तशी तजवीज करून ठेवली होती.

"गया," ती म्हणाली.

"घर में?"

"नै, बाई. घर में नै. बाहर गया. रस्ते पे."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. "अच्छा. बाहर. फिर ठीक है." त्यांनी साडी वर उचलून पिठाला वळसा घातला आणि फाटकातून आत गेल्या.

द्वारकाबाई बाजूला वळून थुंकली.

पांडुरंगरावाने फांदीची किल्ली काढून दार उघडलं. आत गेल्या गेल्या बाईंचा आवाज चढला. लाईट गेली होती. बयाना देताना घरात अंधार, हा काय शकुन? आधी देवळीत दिवा लावा, मग पैशाची थैली उघडू. मोटारीत टॉर्च होती, पण टॉर्चच्या उजेडात कोणी बयाना देतं का? पांडुरंगराव निरांजन घेऊन धडपडत बाहेर आला. सगळे खिसे चाचपून झाले होते.

"बाई, काडीपेटी द्या लवकर."

काडीपेटी तिच्या कमरेलाच खोचलेली होती. "नाई माह्यापाशी," ती म्हणाली.

पांडुरंगरावाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आसपास सगळे बंगले अंधारात. आतून बाईंची हाक आली, "अरे क्या हुआ?" त्याची नजर टोपल्याकडे गेली. मग तिच्याकडे गेली.

"द्वारकाबाई..."

 तिने टोपलं हाताने थोडं वर उचललं.

पांडुरंगराव गुडघ्यावर बसला.  पिठाला धक्का न लावता त्याने निरांजनाची वात डोमाजीच्या दिव्यावर धरली. वात पेटली. तळहाताचा आडोसा करून, मान खाली घालून तो फाटकातून आत गेला. अंगणातून ओसरीत, ओसरीतून देवळीपाशी.

खिडकी उजळली. आतून बाईंचा खूश झालेला आवाज आला, "देखो, अब लगता है घर!"

द्वारकाबाईने टोपलं पुन्हा उपडं घातलं. मग पदराने डोळे पुसले आणि त्या उजळलेल्या खिडकीकडे बघत नवऱ्याला सांगावं तसं हळूच म्हणाली, "जा आता. मांगच्या पडवीत जाऊन बसा."