आबाजी मरून राहिले

नागपुरात सीताबर्डीवर नत्थूजी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीला १९७४ साली पाटी लागली : 'पटकथा तपासून, दुरुस्त करून मिळेल. लेखकांना व निर्मात्यांना सल्ला.' पाटी कुसुमताईंची. त्यापूर्वी त्या एका सिनेमा वितरकाकडे नोकरीला होत्या. तिथे त्या पडद्याकडे नाही, प्रेक्षकांकडे बघत; लोक कुठल्या प्रसंगाला चहासाठी उठतात, हे त्यांना पाठ झालं होतं.

टपाल कचेरीतल्या चंपतरावांनी एकच पटकथा लिहिली होती, स्वतःच्या वडिलांवर, आबाजींवर. कुसुमताईंनी तिच्यातला खलनायक काढला, गाणी कमी केली. आबाजींच्या मरणाच्या दृश्याला मात्र हात लावला नाही.

मे महिन्यात कोल्हापूरचे एक निर्माते नागपुरात आले, तेव्हा कुसुमताईंनी त्यांना आणि चंपतरावांना खोलीवर बोलावून घेतलं. कूलर घरघरत होता. चंपतराव निकाल ऐकायला आल्यासारखे बसले होते. मुंबईहून हेच बाड न उघडता परत आलं होतं. आताही परत आलं तर पुन्हा लेखणी धरणार नाही, असं ते घरी सांगून आले होते.

निर्मातेसाहेब मान डोलावत वाचत होते. मरणाचं दृश्य आलं आणि ते मोठ्यानं वाचू लागले.

"'आबाजी खाटेवर मरून राहिले. सून रडून राहिली. आबाजी म्हणतात : सूनबाई, चहात साखर कमी आहे.'"

ते थांबले, पुन्हा वाचलं आणि असे हसले की चष्मा मांडीवर पडला.

"आवं, मेलेला म्हातारा साखर मागतोय!"

"मेले नाही साहेब," चंपतराव म्हणाले. "मरून राहिले."

"तेच म्हणतोय की! मरून राहिले आणि वर चहा!"

"मरायच्या आधीच पेले ना. मेल्यावर कोण पिते?"

"मग बोलतंय कोण?"

"आबाजी."

"ते मेलेत न्हवं?"

"मरून राहिले!"

साहेबांना ठसका लागला. त्यांनी पान उलटलं. "'डॉक्टर येऊन राहिला.' बया! आता हा पण ऱ्हायला आला!"

भांडण कशाचं, हे कुसुमताईंनाही आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. नागपुरात 'जेवून राहिला' म्हणजे जेवतो आहे, आणि 'मरून राहिला' म्हणजे अजून जिवंत आहे. त्यांनी बाडातला स्वल्पविरामसुद्धा सोडला नव्हता. हे वाक्य मात्र कानाला इतकं बरोबर वाटलं होतं की दिसलंच नव्हतं.

"साहेब, आबाजी मरताहेत. करुण प्रसंग आहे," त्या म्हणाल्या. "मी दुरुस्त करून देते."

"हात लावू नका! मेलेला म्हातारा घरभर हुकूम सोडतोय. हे असलं तर घेतो, न्हाय तर रामराम."

चंपतराव उठले आणि त्यांनी बाड ओढून घेतलं. "माह्या बापाच्या मरणावर लोकायनं हसावं काय?"

"बसा चंपतराव," कुसुमताई म्हणाल्या. "खरं सांगा, आबाजींनी साखर मागितली तेव्हा घरात काय झालं?"

चंपतरावांनी बाड परत टेबलावर ठेवलं. "हसले सारे."

"सून?"

"सर्वांत जास्त तीच हसली. आबाजीलेबी हसू आलं. हसता हसताच गेले."

"मग ती रडून राहिली, असं काहून लिहिलं?"

"सिनेमात सून रडतेच ना, ताई!"

म्हणता म्हणता त्यांचेच ओठ हलले. त्यांनी ते दाबले, पण हसू नाकातून बाहेर आलं. साहेब टेबलावर थापा मारू लागले. कुसुमताईंनी तोंडाला पदर लावला.

आवाज ऐकून गळ्यात टेप घातलेले नत्थूजी जिना चढून आले. "काय होऊन राहिलं वर?"

"आबाजी मरून राहिले!" साहेब ओरडले.

"अरे बापा! मग डॉक्टरले बोलवा ना! बसून हसून काहून राहिले?"

साहेबांनी हसणं थांबवून नत्थूजींकडे पाहिलं, मग चंपतरावांकडे. "म्हंजे खरंच जिता हाय की म्हातारा!" त्यांनी डोळे पुसले. "तर मग मेलेला नको. हाच पायजे, हसत हसत जाणारा. सुनेला पण हसवा. मी हे बाड घेऊन राहिलो!"

चंपतराव हात जोडायला उठले. कुसुमताईंनी त्यांना खुणेनं खाली बसवलं.

"साहेब, नागपुरात तेवढ्यानं भागत नाही. 'घेतलं' म्हणा."

"घेतलं!"

"आता उठा, चंपतराव," कुसुमताई म्हणाल्या.