खंडेनवमीची सुट्टी

खांदा कॉलनीतल्या त्या फ्लॅटमध्ये कृष्णकांतअप्पांचा श्वास एका यंत्रावर चालायचा. जन्मभर कीर्तन केलेला माणूस. आता फुप्फुसं थकली होती. हवेतला ऑक्सिजन गाळून देणारं यंत्र खाटेशेजारी घरघरायचं, आणि अप्पा त्या घरघरीलाच सूर मानून अभंग गुणगुणायचे.

मुलगी कुमुद पंपांच्या कारखान्यात विश्वसनीयतेचं गणित बघायची. एकदा तिनं लॅपटॉपवर एक उतरती रेषा दाखवली.

"अप्पा, यंत्र अमुक तासांनंतरही चालू असण्याची शक्यता किती, ते ही रेषा सांगते. सुरुवातीला पूर्ण एक. मग उतरतच जाते, पुन्हा चढत नाही."

"आणि आमचं हे कुठं?"

"पार शेपटाला. याच्याबरोबरची जवळजवळ सगळी बंद पडली."

"मग हा एकटाच टाळकरी उरला म्हण की!" अप्पा हसले. "शून्याला टेकली का गं रेषा?"

"टेकत नाही. नुसती जवळ जाते."

"बघ, तेवढ्या जागेत देव बसतो."

कुमुदला मात्र धीर धरवेना. तिनं नवं यंत्र मागवलं, ते नेमकं खंडेनवमीला आलं. या घरात त्या दिवशी विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं पुजायचं आणि दिवसभर वापरायचं नाही, अशी रीत. अप्पांनी हट्ट धरला, "माझ्या यंत्रालाही सुट्टी." कुमुदला तेच हवं होतं. हळदकुंकू, झेंडू वाहून तिनं जुन्याचा प्लग काढला आणि अप्पांची नळी नव्याला जोडली.

कारखान्यात ती प्रत्येक नवा पंप आधी भरपूर चालवून बघायला लावी. जे बिघडायचे ते बरेचसे सुरुवातीलाच बिघडतात. घरी पूजेच्या गडबडीत हे तिला सुचलंच नाही.

दुपारी नवं यंत्र शिट्टी वाजवून थांबलं. अप्पांचे ओठ निळसर पडले. कुमुदनं अँब्युलन्सला फोन केला, नळी उपसून जुन्याला जोडली, प्लग उचलला.

तेवढ्यात घरघर सुरू झाली.

प्लग तिच्या हातातच होता.

अप्पांच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावरचा आकडा हळूहळू चढू लागला. "असू दे," अप्पा पुटपुटले, "खुपसू नकोस. सुट्टी असून उभा राहिलाय तो."

कुमुदनं प्लग भिंतीपाशी नेला आणि तिथंच थांबवला. जुन्या यंत्राला सगळ्यात जड जातो तो सुरू होतानाचा झटका. प्लग लावला आणि तेच मेलं तर? न लावावा, तर हे कशाच्या भरवशावर चाललंय? पुढच्या श्वासाची शक्यता काढायला तिच्याकडे कुठलीच रेषा नव्हती. तिनं प्लग मुठीत धरला आणि अप्पांच्या उशाशी बसून राहिली.

अँब्युलन्सवाला जीवन जवळच्याच उलवे गावचा. दारातच थबकला. "ताई, मशीन चालू हाय, आन वायर त तुमचे हातान?"

"ते नंतर. आधी तुमचा सिलिंडर लावा."

त्यानं मास्क बसवला, नाकातली नळी काढली. त्याच क्षणी घरघर थांबली. अप्पांनी यंत्राकडे बघून हात जोडले.

"काका बरा हाय, चला," जीवन म्हणाला, पण तो यंत्राला वळसा घालून गेला.

निघता निघता कुमुदनं यंत्राच्या पाठीवर तळवा टेकवला. इतका वेळ चाललेला कॉम्प्रेसर तापायला हवा होता.

ते फरशीसारखं गार होतं.