रेड ऑक्साइडखालचा चेहरा

कृष्णराव लांजेवारांची सदतीस वर्षं भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या पेंटिंग गँगमध्ये गेली, आणि त्यातली निदान तीस तरी रेड ऑक्साइड मारण्यात. नवा गर्डर आला, मारा रेड ऑक्साइड. पाइपलाइन बदलली, मारा रेड ऑक्साइड. लोखंड खरवडायचं, पुसायचं, त्यावर हा विटकरी प्रायमर चढवायचा आणि मगच वरचा रंग, एवढं त्यांचं शास्त्र. रिटायर झाल्यावर ते शास्त्र त्यांनी घरी आणलं. सेक्टर सातमधल्या त्यांच्या क्वार्टरचं फाटक, खिडक्यांचे गज, कूलरचा स्टँड, सगळ्यांना दर वर्षी दिवाळीच्या आधी हे स्नान घडायचं. एकदा तर त्यांनी तुळशीच्या लोखंडी कठड्याबरोबर तुळशीची दोन पानंही रंगवली होती. त्यावर अंजनाबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

अंजनाबाई म्हणजे त्यांची बायको. आयुष्यभर स्वयंपाक, दोन मुलांचे अभ्यास आणि महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू यात रमलेल्या या बाईने एकसष्टाव्या वर्षी हातात ब्रश धरला. नेहरू नगरमध्ये कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर मोना नावाची एक मुलगी चित्रकला शिकवायची. खाली पोरं इंजिनीअरिंगच्या परीक्षेसाठी घाम गाळत, आणि वर अंजनाबाई आंबा आणि तांब्या रंगवत.

"घरात एक पेंटर कमी होता म्हणून दुसरा तयार होऊन राहिला," असं कृष्णराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पण ही बाई तिथे काय शिकते, कशासाठी शिकते, हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. माणूस वाईट नव्हता. विचारायची सवय नव्हती, इतकंच.

विचारलं असतं तर कळलं असतं. अंजनाबाईंना आपल्या आईचा चेहरा काढायचा होता.

आईचा एकही धड फोटो नव्हता. वडील रेल्वेत, सालेकस्याला गँगमन. घरात फोटो निघाला एकदाच, धाकट्या भावाच्या बारशाला, आणि नेमकं त्याच क्षणी आईने दारात शिरलेल्या बकरीला हाकलायला मान फिरवली. फोटोत सगळे होते, बकरीसुद्धा स्पष्ट होती; आईच्या जागी फक्त एक पुसट पांढरा पट्टा. अंजनाबाईंच्या लग्नाला चार महिने उरले असताना आई कावीळ होऊन गेली. पुढे बेचाळीस वर्षं सर्वपित्रीला सासू-सासऱ्यांच्या फोटोंना हार घालायचा, आणि आईच्या नावाने पाटावर नुसती सुपारी ठेवायची. सुपारीकडे बघून कोणाला आई आठवेल? अंजनाबाईंना तर अलीकडे भीती वाटायला लागली होती. डोळे मिटले की आईची साडी दिसायची, हात दिसायचे, चेहरा मात्र दर वर्षी थोडा मागे सरकायचा. आपण गेलो की तो जगातूनच जाणार, ही गोष्ट त्यांना झोपू द्यायची नाही.

मोनाने त्यांना घाई करू दिली नाही. "काकू, सीधे रंगावर नाही जायचं," ती म्हणायची. "आधी एकाच तपकिरी रंगात पूर्ण चेहरा. कुठे उजेड, कुठे अंधार, बस. ते अंडरपेंटिंग. तो चेहरा बरोबर आला ना, मग वरचा रंग आपोआप बसतो." अंजनाबाईंनी पाच कॅनव्हास वाया घालवले. कधी मावशी यायची, कधी आरशातली स्वतः. सहाव्या वेळी, भाद्रपदातल्या एका दुपारी, पातळ तपकिरी रंग फडक्याने पुसून गालावर उजेड काढता काढता आई आली. अंजनाबाई स्टुलावर बसून राहिल्या आणि पोळ्यांचा तवा जळून काळा झाला. कृष्णरावांना जेवणात खिचडी मिळाली, आणि का मिळाली हेही त्यांनी विचारलं नाही.

कॅनव्हास सुकायला मागच्या व्हरांड्यात ठेवला. उलटा ठेवा, डोकं खाली, असं मोनाने सांगितलं होतं. नाव-गाव विसरून नुसते आकार बघितले की चुका दिसतात. तीन आठवडे आई डोक्यावर उभी होती.

दसऱ्याच्या आधीचा मंगळवार. अंजनाबाई सकाळीच कॅम्प-१ च्या बाजाराला गेल्या. कृष्णरावांनी फाटक रंगवलं, कूलरचा स्टँड रंगवला, आणि डब्यात पाव लिटर प्रायमर उरला. उरलेला प्रायमर त्यांना अस्वस्थ करायचा. हातात ब्रश घेऊन ते घरभर फिरले आणि व्हरांड्यात थबकले. चष्मा शिंतोडे उडू नयेत म्हणून आत काढून ठेवलेला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. त्यांना दिसला एक मळका, डाग-डाग पडलेला कापडाचा चौकोन. पाच तर आधीच बिघडले होते, हा सहावा. अंजना फोनवर कोणाला तरी म्हणत होती ते त्यांना आठवलं, की खालचा थर नीट नसला तर वरचा रंग बसत नाही.

आता खालच्या थराचं भिलाईत कोणी कृष्णराव लांजेवारला शिकवायचं?

त्यांना एकदम मायाच दाटून आली. बिचारी एकटी झटते, आपण नुसते हसतो. चला, आज तिला मदत करू. मग त्यांनी मनापासून रेड ऑक्साइड मारला. आधी उभा हात, मग आडवा, कडा सांभाळून, एक ओघळ नाही. खालच्या बाजूला एक गडद डाग सारखा वर येत होता. त्याच्यावर त्यांनी दुसरा हात दिला, मग दाबून तिसरा, तेव्हा कुठे तो गेला.

अंजनाबाई बाराच्या सुमारास आल्या. कृष्णराव फाटकातच उभे होते.

"चल, तुले गंमत दाखवतो," ते म्हणाले. "तुह्या पडद्याले असा बेस देला, असा बेस देला, की पाहतच राहशील!"

अंजनाबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली नाही. तशाच व्हरांड्यात गेल्या. ओरडल्या असत्या तर कृष्णरावांना बरं वाटलं असतं. पण त्या ओरडल्या नाहीत. बराच वेळ त्या विटकरी चौकोनाकडे बघत राहिल्या.

"अजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "माही आई होती त्याच्यावर."

कृष्णरावांना आधी समजलंच नाही. मग समजलं. सासूबाईंचा फोटो नाही हे त्यांना माहीत होतं. पाटावरची सुपारी त्यांनी बेचाळीस वर्षं बघितली होती.

"कावून नाई सांगतलं मले?" ते म्हणाले, आणि शब्द तोंडातून निघताच आपण काय बोललो ते त्यांना उमगलं.

अंजनाबाईंनी मोनाला फोन लावला, पण त्यांना बोलता येईना. कृष्णरावांनी फोन हातात घेतला आणि पोलिसात कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. मोनाने एकच विचारलं.

"काका, किती वेळ झाला मारून?"

"दीड घंटा."

"खालचं तीन आठवड्यांचं आहे, सुकलेलं असणार. वरचं अभी कच्चा है. टर्पेंटाइन लावून बघा, पण हळू. मी गॅरंटी नाही देत."

टर्पेंटाइनची अर्धी बाटली होती. शेजारीच थिनरचा डबाही होता. थिनरने पाच मिनिटांत काम झालं असतं, पण थिनर वरच्या थराबरोबर खालचाही खातो, हे कृष्णरावांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी डबा उचलून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवला, आपलाच हात चुकेल म्हणून. मग चष्मा चढवला, जुन्या धोतराचे मऊ तुकडे केले, आणि कॅनव्हास सुलटा करून जमिनीवर ठेवला.

आयुष्यात त्यांनी रंग चढवला होता, असा उतरवला कधीच नव्हता. तुकडा ओला करायचा, टेकवायचा, थांबायचं, उचलायचा, फेकायचा. घासायचं नाही. बोटाएवढी जागा मोकळी व्हायला दहा मिनिटं लागत. कंबर भरून आली, गुडघे बोलायला लागले, जेवण तसंच राहिलं. अंजनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तासाभराने एक तपकिरी रेष दिसली. भांग. मग कपाळ. मग डावी भुवई, डावा डोळा, नाकाचं टोक.

"आहे," अंजनाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडावर घेऊन रडल्या.

चार वाजेपर्यंत चेहरा बाहेर आला होता. लाली पूर्ण गेली नव्हती. कापडाच्या विणीत ती अडकून राहिली होती, त्यामुळे गाल तांबूस दिसत होते. पण एक जागा आलीच नाही. ज्या डागावर त्यांनी तीन हात दिले होते, तो डाग म्हणजे उजवा डोळा होता. ब्रश दाबून रगडताना खालचा रंगही सुटून प्रायमरमध्ये मिसळला होता. तिथे आता नुसती विटकरी जागा होती, वाटीच्या तळाएवढी.

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. अंजनाबाईंनी जेवायला वाढलं, चहा दिला, पण बोलल्या नाहीत. कागदावर डोळे काढून बघितले, दहा, वीस. "डाव्यासारखाच काढा ना, काकू," मोना फोनवर म्हणाली. तसाही काढून बघितला. चेहरा कॅलेंडरवरच्या बाईसारखा झाला. आईचे दोन डोळे सारखे नव्हते, एवढं अंजनाबाईंना पक्कं आठवत होतं. कसे नव्हते, ते आठवत नव्हतं. त्या दुपारी हात आपोआप चालला होता. आता तो चालत नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या ब्रश धुऊन ठेवायला लागल्या, तशी कृष्णरावांनी धीर केला.

"थो डोळा... म्या पायला हाय."

अंजनाबाईंनी वळून बघितलं.

"तुले पाहाले आलो होतो ना सालेकस्याले," ते म्हणाले. "तुहे बाबा अन् माहे काका बोलत होते. मी मुंडी खाली घालून बसलो. एकदा वर पायलं त सैपाकघराच्या दारामांगं तुही आई उभी. अर्धं तोंड चौकटीमांगं. एकच डोळा दिसत होता मले. हाच, उजवा. अशी पाहून राहिली होती माह्याकडे, की मले चहा गिळता येईना."

"कसा होता?" अंजनाबाईंनी धुतलेला ब्रश पुन्हा उचलला.

कृष्णरावांनी डोळे मिटले. गर्डरवरचा चुकलेला हात पन्नास फुटांवरून ओळखणारा माणूस होता तो. बघितलेलं विसरत नसे, फक्त कोणी विचारत नसे.

"वरची पापणी जड. थोडी खाली आलेली, अर्धवट. कोपरा... नाकाकडचा नाई, कानाकडचा... खाली उतरलेला. अन् खाली एक आडवी रेघ. हसली असती त खोल गेली असती, अशी."

अंजनाबाईंनी तपकिरी रंग पातळ केला. ब्रश टेकवला.

"नाई. आणखी खाली," कृष्णराव म्हणाले. "हां. पापणी जड कर. लय झाली. पुस."

त्या पुसत होत्या, काढत होत्या. ते मागे उभे राहून सांगत होते, आणि एकदाही हसत नव्हते. अर्ध्या तासाने ते बोलायचे थांबले. अंजनाबाईंनी मान वर केली. आई दोन्ही डोळ्यांनी बघत होती; उजवा जरासा मिटल्यासारखा, पारख करणारा. आता आठवलं. चुलीच्या धुराने तो डोळा कायम तसाच असायचा.

"अशीच पाहून राहिली होती," कृष्णराव म्हणाले. "काय वाटलं असन तिले माह्याबद्दल, कोणाले मालूम."

"तिनंच त हो म्हणलं," अंजनाबाई ब्रश पुसत म्हणाल्या. "बाबाले बुकिंग क्लार्कचा पोरगा पाहिजे होता. आईनं चार दिवस बाबाशी बोलणं सोडलं. मले म्हणे, हा पोरगा मुंडी खाली घालून बसते, पण पायते तवा नीट पायते."

कृष्णराव खाली बसले. बेचाळीस वर्षं ते समजत होते की आपल्याला ही बायको प्लांटच्या नोकरीमुळे मिळाली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"हे तू कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी इचारलं?"

बाहेर फाटकाचा रंग सुकला होता, त्यावर अजून वरचा हात द्यायचा बाकी होता. कृष्णराव उठले नाहीत. त्यांनी स्टूल कॅनव्हासजवळ ओढला, सासूबाईंकडे बघितलं, मग बायकोकडे.

"बोलाची कशी वो, तुही आई?" त्यांनी विचारलं.

अंजनाबाई सांगायला लागल्या.